शाळेच्या नकाशात शिक्षक कोठे आहे?

१/
सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा भारतात २००९ साली संमत झाला. त्याच्या शेवटी एक छोटी अनुसूची जोडलेली आहे. शिक्षकाने आठवड्याला किमान ४५ तास काम करावे आणि पाठाच्या तयारीचे तासही त्यातच धरावेत, असे तिच्यात म्हटले आहे. शाळेच्या इमारतीत काय काय असावे, याची यादीही त्याच अनुसूचीत आहे. मात्र ही तयारी शिक्षकाने कोठे बसून करावी, याचे उत्तर त्या यादीत सापडत नाही.

२/
यादीत दर शिक्षकामागे किमान एक वर्गखोली आहे. मुख्याध्यापकांची खोली, कार्यालय आणि भांडार या तिन्हींसाठी मिळून एक खोली आहे. मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, मैदान आणि कुंपण आहे. शिक्षककक्ष नाही. शिक्षकांच्या स्वच्छतागृहाचा वेगळा उल्लेखही नाही. हे विस्मरण केवळ एका मसुद्यापुरते असते, तर त्यावर धागा लिहिण्याचे कारण नव्हते. पण त्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो मद्रास, लंडन, बोस्टन, शिकागो असा फिरत आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत येतो. 🧵

३/
आरंभ आपल्याच ओसरीवरून करू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मुंबई इलाख्याच्या देशी शाळांची सरकारी कागदपत्रे रा. वि. परुळेकर यांनी संपादित करून प्रसिद्ध केली. त्यांतून दिसणाऱ्या बहुतेक शाळांना स्वतःची इमारत नव्हती. शाळा देवळात भरे, कोणा गृहस्थाच्या वाड्यात भरे, नाहीतर पंतोजींच्या स्वतःच्या घरी. पंतोजी जेथे बसत, तीच शाळा. त्यांचे उत्पन्न तुटपुंजे होते आणि मानही बेताचाच. पण शिक्षकाची जागा आणि शाळेची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा प्रश्नच तेव्हा उद्भवत नव्हता.

४/
तो उद्भवला शाळेसाठी खास इमारत बांधण्याची कल्पना रुजल्यावर. त्या कल्पनेचा एक धागा मद्रासला जातो. अँड्र्यू बेल हा पाद्री तेथे एग्मोरच्या अनाथ मुलांच्या लष्करी आश्रमाचा प्रमुख होता. देशी शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना त्याने पाहिली आणि आपल्या आश्रमात त्याच पद्धतीने मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेतले. हा प्रयोग त्याने १७९७ साली लंडनमध्ये छापून प्रसिद्ध केला. त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टर यानेही लंडनच्या बरो रोडवर अशीच शाळा उभारली.

५/
लँकेस्टरच्या शाळेचा नकाशा म्हणजे एकच प्रचंड दालन. मध्ये बाकांच्या रांगा. भिंतीलगत अर्धवर्तुळे आखलेली. त्यांवर उभे राहून मुलांच्या टोळ्या आपापल्या नायकाकडे वाचन करीत. एका टोकाला उंच चौथरा आणि त्यावर गुरुजी. एका पगारात शेकडो मुले शिकत असल्याने ही पद्धत कमालीची स्वस्त पडे. मुंबईतील शिक्षणसंस्थांनीही पुढे तिचे अनुकरण केले. गंमत अशी की, जिची प्रेरणा काही अंशी देशी शाळेत होती, ती पद्धत इंग्रजी शिक्का घेऊन येथे परतली.

६/
या दालनात शिक्षकासाठी काय होते? चौथरा. तेथून सारे दिसावे, एवढीच त्याची गरज मानली गेली. त्याचे काम देखरेखीचे. प्रत्यक्ष शिकवणे नायकांचे. दुसरा शिक्षकच नसल्याने शिक्षकांना एकमेकांशी बोलण्यासाठी जागा हवी, हा विचार येण्याचे कारण नव्हते. पाठ ठरलेला असल्याने तयारीसाठीही जागा नको. शाळेच्या नकाशात शिक्षकाला मिळालेली ही पहिली जागा म्हणजे पहाऱ्याची जागा होती, हे लक्षात ठेवावे. पुढील शंभर वर्षे ती पुसली गेली नाही.

७/
दुसरे वळण बोस्टनचे. मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचा सचिव होरेस मान १८४३ साली युरोपात गेला. प्रशियातील शाळांत वय आणि प्रगतीनुसार वर्ग पाडून प्रत्येक वर्ग एकेका शिक्षकाकडे सोपवलेला त्याने पाहिला आणि परतल्यावर त्याची मोठी प्रशंसा केली. १८४८ साली बोस्टनमध्ये क्विन्सी ग्रामर स्कूल सुरू झाले. जॉन फिलब्रिक तिचे मुख्याध्यापक. अमेरिकेतील वर्गवार खोल्यांच्या शाळेचा हा आद्य नमुना मानला जातो.

८/
क्विन्सी शाळेत १२ वर्गखोल्या होत्या आणि दर खोलीत ५५ मुलांची सोय होती. प्रत्येक मुलाला स्वतंत्र मेज-खुर्ची, वर्गाला लागून कपडे ठेवण्याची लहानशी खोली आणि सर्वांत वरच्या मजल्यावर सभागृह. शिक्षकाच्या दृष्टीने हा मोठाच लाभ होता. त्याला प्रथमच स्वतःचा फळा आणि बंद करता येणारे दार मिळाले. शेजारच्या टोळीच्या गलक्यावर ओरडून शिकवण्याची गरज उरली नाही.

९/
या लाभाला दुसरी बाजू होती. वर्गवार शाळेमुळे एका मुख्याध्यापकाच्या हाताखाली अनेक सहायक शिक्षिका नेमणे सोपे झाले, आणि स्त्रियांना पुरुषांपेक्षा बराच कमी पगार देण्याची तेथे रीतच होती. अमेरिकेतील प्राथमिक शिक्षण पुढे झपाट्याने शिक्षिकांच्या हाती गेले. इमारतीचे नियोजन, अंदाजपत्रक आणि तपासणी मात्र पुरुषांकडेच राहिली. शाळेत सारा दिवस काढणाऱ्या आणि शाळेचा नकाशा ठरवणाऱ्या, असे दोन वेगळे वर्ग तयार झाले.

१०/
त्याच १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाई शाळेत जाताना लोक अंगावर शेण-चिखल फेकत, म्हणून त्या सोबत दुसरे लुगडे नेत आणि शाळेत पोचल्यावर बदलत, ही हकिकत सर्वश्रुत आहे. तिच्याकडे आपण धैर्याची कथा म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात एक अगदी साधी गोष्टही दडलेली आहे. शाळेत शिक्षिकेला कपडे बदलण्यासाठी आडोसा लागतो. शिक्षिका येथे आली, त्याच दिवशी ही गरजही आली.

११/
इंग्लंडमध्ये १८७० च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानंतर लंडन स्कूल बोर्डाने शाळाबांधणीचा सपाटा लावला. बोर्डाचा वास्तुविशारद ई. आर. रॉब्सन याने १८७४ साली शालेय वास्तुरचनेवर जाडजूड ग्रंथ लिहिला. स्टेपनीतील जॉन्सन स्ट्रीटच्या शाळेत मधले सभागृह आणि भोवती वर्गखोल्या, असा प्रशियन धर्तीचा प्रयोग १८७३ मध्येच झाला होता. पुढे तोच साचा रूढ झाला. सभागृह आणि वर्ग यांच्यामध्ये काचा बसवलेल्या असत. मुख्याध्यापक सभागृहातून फिरला की एकेका वर्गात काय चालले आहे, हे त्याला दिसे.

१२/
लँकेस्टरच्या दालनात पहारा मुलांवर होता. या काचांमुळे तो शिक्षकांवरही आला. दार बंद करता आले, तरी काच होतीच. आणि भिंतीमुळे शेजारच्या शिक्षकाशी संबंध तुटला तो तुटलाच. डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली शिक्षकी पेशावर लिहिताना या रचनेला अंड्यांच्या खोक्याची उपमा दिली. प्रत्येक अंडे आपल्या खणात सुरक्षित असते, पण एका खणाचा दुसऱ्याशी संबंध नसतो. नवखा शिक्षक वर्षानुवर्षे एकट्यानेच चुकत-शिकत राहतो, याचे एक कारण लॉर्टीला या खणांत दिसले.

१३/
शिक्षकांनी यावर कधी तोंड उघडले की नाही? उघडले. शिकागोच्या शिक्षक महासंघाची नेता मार्गारेट हेली हिने १९०४ साली सेंट लुईस येथील राष्ट्रीय शिक्षण संघटनेच्या अधिवेशनात भाषण केले. शिक्षकांच्या मार्गातील चार अडथळे तिने मांडले: अपुरा पगार, नोकरीची अशाश्वती, गर्दीने भरलेल्या वर्गांतील कामाचा बोजा आणि शिक्षकाला शिक्षणतज्ज्ञ म्हणून न मिळणारी मान्यता. तिसरा अडथळा सरळसरळ इमारतीचा आहे. चौथा वरवर पाहता इमारतीचा नाही. पण ज्याचे मत मोलाचे मानले जात नाही, त्याला नकाशा दाखवण्याची तसदी कोण घेणार?

१४/
त्याच शिकागोत जॉन ड्यूईने काही वर्षे आधी प्रयोगशाळा काढली होती. मुलांसाठी मेजे घेण्यास तो दुकानोदुकानी हिंडला, पण मनासारखे काही मिळेना. अखेर एका विक्रेत्याच्या ध्यानात अडचण आली: या गृहस्थांना मुले जेथे काम करतील अशी मेजे हवी आहेत आणि बाजारातली सारी मेजे मुलांनी नुसते ऐकण्यासाठी बनवलेली आहेत. ड्यूईने ही हकिकत १८९९ च्या व्याख्यानांत सांगितली. शाळेतील सामान शिकण्याविषयी काहीएक मत बाळगून असते, हे त्यातून स्पष्ट झाले. इमारतीलाही ते लागू पडते.

१५/
हे सूत्र पुरते उमगलेली इमारत शिकागोच्याच उत्तरेस विनेटका गावात १९४० साली उभी राहिली. तिचे नाव क्रो आयलंड स्कूल. कार्लटन वॉशबर्न हे तेथील शाळांचे अधीक्षक. काम लॅरी पर्किन्स आणि त्याच्या तरुण भागीदारांना मिळाले. अनुभवाचे पाठबळ म्हणून फिनलंडहून आलेले ख्यातनाम वास्तुविशारद एलिएल सारिनेन आणि त्यांचा मुलगा ईरो यांना जोडीला घेण्यात आले. नकाशा काढण्यापूर्वी पर्किन्स विनेटकाच्या वर्गांत जाऊन बसला. शिक्षकांपासून सफाई कामगारांपर्यंत, जे इमारत वापरणार होते त्यांना त्याने विचारले.

१६/
फ्रान्सिस प्रेस्लर या शाळांतील उपक्रमांच्या संचालिका. त्यांनी वास्तुविशारदांना एक पत्र लिहिले, ते शालेय वास्तुरचनेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. इमारत मुलांची वाटावी, हात लावायला भीती वाटेल इतकी देखणी नसावी, तिच्यात वापराला, पसाऱ्याला, बदलाला वाव असावा, असा त्याचा आशय. त्यात खांब-कमानींची चर्चा नाही. दिवसभर मुलांमध्ये वावरणाऱ्या माणसाला काय लागते, ते आहे.

१७/
त्यातून निघालेली वर्गखोली इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराची होती. मोठ्या भागात अध्यापन आणि लहान भागात हाताने करायची कामे. प्रत्येक वर्गाला स्वतःचे स्वच्छतागृह, स्वतःचे नळाचे कुंड, दोन बाजूंनी उजेड आणि स्वतःच्या अंगणात उघडणारे दार. छत तेव्हाच्या प्रघाताप्रमाणे १२ फुटांवर न ठेवता ९ फुटांवर आणले. प्रत्येक गोष्ट मुलासाठी होती, हे खरे. पण शिक्षिकेच्या नजरेने तीच यादी वाचावी. लहान मुलाला लांबच्या स्वच्छतागृहात पाठवताना जीव टांगणीला लागत नाही. रंगकाम झाल्यावर वर्ग सोडून पाण्याकडे धावावे लागत नाही. अर्धे मूल बाहेर, अर्धे आत असले, तरी सारी नजरेच्या टप्प्यात राहतात.

१८/
या शाळेची कीर्ती पसरली. १९९० मध्ये तिला अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये अशाच पद्धतीने काम करणारे दांपत्य म्हणजे डेव्हिड आणि मेरी मेड. प्रथम हर्टफर्डशायर परगण्यात आणि १९४९ नंतर शिक्षण मंत्रालयाच्या वास्तुविभागात त्यांनी शाळा रचल्या. चांगल्या शिक्षकांचे वर्ग तासन्‌तास पाहून ते मोजमापे घेत. ऑक्सफर्डशायरमधील फिनमिअर या खेड्यातील १९५९ ची त्यांची शाळा सुमारे ५० मुलांची आणि अवघ्या दोन शिक्षकांची. सरकत्या पडद्यांनी जागा हवी तेव्हा एक करता येई, हवी तेव्हा वेगळी.

१९/
यानंतर घडले ते अधिक बोधप्रद आहे. साठ-सत्तरच्या दशकांत भिंतीविना शाळांची लाट आली. अमेरिकेत फोर्ड प्रतिष्ठानाच्या पैशावर चालणाऱ्या शैक्षणिक सुविधा प्रयोगशाळेने तिचा हिरिरीने पुरस्कार केला. अंड्यांचे खोके मोडायचे, शिक्षकांनी एकत्र शिकवायचे, हा हेतू स्तुत्य होता. पण अनेक ठिकाणी आधी इमारत आली आणि शिक्षकांना ती नंतर कळली. एकत्र शिकवण्याचे प्रशिक्षण नाही, एकत्र तयारीसाठी वेळ नाही, आणि शेजारच्या वर्गाचा पाढा आपल्या कवितेत मिसळतो आहे!

२०/
शिक्षकांनी मोर्चे काढले नाहीत. त्यांनी कपाटे सरकवली. पुस्तकांची मांडणी, फिरते फळे, कुंड्या यांच्या रांगा लावून त्यांनी आपापले वर्ग पुन्हा आखून घेतले. पुढे बऱ्याच शाळांत खऱ्या भिंतीच बांधाव्या लागल्या. इतिहासाच्या अभ्यासकाने ही कपाटे दस्तऐवजाप्रमाणे वाचावीत. फिनमिअर आणि या शाळा छायाचित्रात सारख्या दिसतात. फरक एवढाच की, फिनमिअरचा मोकळेपणा शिक्षकांच्या कामातून निघाला होता आणि येथे तो त्यांच्यावर येऊन पडला.

२१/
याच काळात जगाने या प्रश्नाचे उत्तर लिहूनही ठेवले. ५ ऑक्टोबर १९६६ रोजी पॅरिसमध्ये शिक्षकांच्या दर्जाविषयीची आंतरराष्ट्रीय शिफारस स्वीकारण्यात आली. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांचा हा संयुक्त दस्तऐवज. जागतिक शिक्षक दिन ५ ऑक्टोबरला येतो तो यामुळेच. त्यातील परिच्छेद ११० असे सांगतो की, नव्या शाळांचे नियोजन करताना शिक्षकांच्या प्रातिनिधिक मताचा विचार घ्यावा, आणि चालू शाळेत बांधकाम वाढवताना त्या शाळेतील शिक्षकवर्गाला विचारावे. दिवस सर्वांना ठाऊक आहे. परिच्छेद फारसा कोणाला नाही.

२२/
शिफारस बंधनकारक नसते, आणि मिळालेली जागाही कायमची नसते. इंग्लंडच्या १९९९ च्या शाळा-वास्तू नियमांत शिक्षकांच्या अध्यापनेतर कामासाठी आणि एकत्र बसण्यासाठी जागा असणे आवश्यक होते. २०१२ मध्ये नियम सुटसुटीत करण्यात आले, तेव्हा ती तरतूद गळाली. काच, चौथरा, खण, कपाट या साऱ्या प्रवासानंतर शिक्षककक्ष पुन्हा ऐच्छिक झाला.

२३/
आता परत भारतात. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात शिक्षकांच्या कामाच्या परिस्थितीचा स्वतंत्र विचार केला आणि ग्रामीण भागात त्यांच्या निवासाची सोय वाढवावी असे सुचवले. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून ‘खडू-फळा’ मोहीम आली: प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या आणि किमान दोन शिक्षक, त्यांपैकी शक्यतो एक शिक्षिका. एकखोली, एकशिक्षकी शाळांच्या देशात हे मोठेच पाऊल होते. पण शिक्षिका यावी असे म्हणणाऱ्या त्या यादीत स्वच्छतागृहे मुलामुलींची होती.

२४/
म्हणजे २००९ ची अनुसूची आकाशातून पडली नाही. तिचा प्रत्यक्ष परिणाम कोणत्याही छोट्या गावच्या शाळेत दिसू शकतो. कार्यालय तेच भांडार असल्यामुळे पोषण आहाराच्या तांदळाची पोती, क्रीडासाहित्य आणि हजेरीपत्रके एकाच खोलीत नांदतात. वह्या तपासायच्या त्या वर्ग चालू असताना किंवा घरी नेऊन. पालकाशी नाजूक बोलणे व्हरांड्यात, इतर मुलांच्या देखत. मासिक पाळीच्या दिवसांत शिक्षिकेची सोय विद्यार्थिनींच्या स्वच्छतागृहावर अवलंबून. यांपैकी एकही गोष्ट बातमीचा विषय होत नाही, आणि यांपैकी प्रत्येक गोष्ट शिकवण्यावर परिणाम करते.

२५/
यावर एक आक्षेप रास्त आहे. पैसा मोजका असेल, तर आधी मुलांच्या डोक्यावर छप्पर की शिक्षकांसाठी खोली? अनुसूची लिहिणाऱ्यांपुढे हाच पेच होता आणि त्यांनी मुलांची बाजू घेतली. त्यात गैर काही नाही. पण फिनमिअरची शाळा दोनच शिक्षकांची होती आणि क्रो आयलंडमधील कुंड व दार यांसाठी वेगळा शिक्षककक्ष लागला नाही. कुलूप लागणारे एक कपाट, वह्यांसाठी एक मेज, मोठ्यांसाठी एक स्वच्छतागृह यांचा खर्च वर्गखोलीच्या तुलनेत अल्प असतो. ते यादीत येत नाही, कारण यादी करताना विचारलेले नसते.

२६/
२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळांतील सोयींचा विचार करताना मुलांबरोबर शिक्षकांचाही नामनिर्देश केला आहे. स्वच्छतागृह, पाणी, वीज आणि प्रसन्न जागा या दोघांनाही हव्यात, असे ते मानते. धोरणातील हा शब्द बांधकामाच्या नकाशात उतरतो की नाही, हे पुढच्या दहा वर्षांत कळेल. तोवर आपल्या गावात नव्या शाळेचा नकाशा लागला, तर एक गोष्ट अवश्य पाहावी. मधल्या सुट्टीत, तास नसताना, पाऊस पडत असताना शिक्षक कोठे असतील, ते त्या कागदावर बोट ठेवून दाखवता येते का? येत नसेल, तर कागदाला शाई लागण्यापूर्वी शाळेतील शिक्षकांना विचारावे. पर्किन्सने तेच केले होते.

(समाप्त)